मीठ कुणाच्या हाती?

अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या किराणा दुकानात शिरावे, डोळ्यांपुढे हृदयेच हृदये येतात. ओटच्या डब्यावर हृदय, बदामाच्या पिशवीवर हृदय, ब्रेडच्या पाकिटावर हृदय, आणि थंडगार कपाटात रचलेल्या मांसाच्या पातळ कापांवरही हृदय. प्रेमिकांनी झाडांच्या बुंध्यांवर कोरली नसतील एवढी हृदये तिथल्या व्यापाऱ्यांनी पुठ्ठ्यावर छापली आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशन या संस्थेने १९९५ पासून खाद्यपदार्थांना अशी एक खूण द्यायला सुरुवात केली. ठरवून दिलेल्या मर्यादांत बसणाऱ्या पदार्थाला ती मिळते आणि त्यासाठी कंपनी शुल्क भरते. यात लपवाछपवी काही नाही. पण खूण पाहणारा माणूस तिचा अर्थ आपल्या सोयीने लावतो. त्याला वाटते, या पदार्थात पुण्य भरलेले आहे; तो पोटात गेला की ते आपल्या खात्यावर जमा झाले.

मी ३४ वर्षे बँकेत काढली. नुसती जमेची बाजू मांडलेला ताळेबंद कोणी पुढे केला, तर आम्ही तो वाचण्याचेही कष्ट घेत नसू. सरळ परत पाठवत असू. म्हणून मला म्हणावेसे वाटते, की हृदयाला हितकर असणे हा पदार्थाचा गुणच नव्हे. तो व्यवहाराचा गुण आहे. या पदार्थाने पानावरून कोणाला उठवले, आणि त्यात मीठ कोणी घातले, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज हिताची गोष्ट बोलता येत नाही. आणि ही दोन्ही उत्तरे खात्रीने मिळण्याची जागा एकच आहे, आपल्या स्वयंपाकघरातला ओटा.

उदाहरण म्हणून मी एक अगदी अमेरिकन पदार्थ घेते, टर्की आणि ॲव्होकाडोचे सँडविच. तो मी निवडलेला नाही, तो माझ्यापुढे आला. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या जावयाला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी स्टेंट बसवावा लागला आणि मी सहा महिन्यांसाठी मुलीकडे जाऊन राहिले. सिगरेट नाही, दारू बेताची, शरीर सडसडीत. असा माणूस जिना चढता चढता छातीवर हात ठेवून खाली बसला. घरी आल्यावर आहारतज्ज्ञाने दिलेला एक कागद फ्रिजच्या दारावर चिकटवण्यात आला. दुपारच्या जेवणापुढे लिहिले होते : संपूर्ण गव्हाचा ब्रेड, टर्की, ॲव्होकाडो, टोमॅटो, पालेभाजी. बस्स. कोणती टर्की, किती ॲव्होकाडो, ब्रेडवर लोणी लावायचे की नाही, काही नाही. कर्जाच्या मंजुरीपत्रात रक्कम लिहावी आणि अटी लिहूच नयेत, तसा तो कागद होता.

आपल्या माणसांच्या बाबतीत या अटींना फार महत्त्व आहे. भारतीय उपखंडातून गेलेल्या लोकांना हृदयविकार लवकर गाठतो, हे तिथल्या डॉक्टरांना आता चांगले ठाऊक आहे. २०१८ साली तिथे कोलेस्टेरॉलविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांत दक्षिण आशियाई वंश ही धोका वाढवणारी बाब म्हणून स्वतंत्रपणे नोंदवलेली आहे. २०१० साली सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या परिसरातल्या दक्षिण आशियाई लोकांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ‘मसाला’ असे नाव त्यांनी तयार केले, हे वाचून मला हसू आले आणि लगेच ते मावळले. एडिसनच्या रस्त्यावर आपली माणसे मिठाईच्या दुकानासमोर रांगा लावतात, तेव्हा त्या रांगेतल्या चाळिशीच्या मुलांकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते.

सँडविचचे दोन्ही मुख्य घटक मुळात एकाच गावचे, ही गंमत कादंबरी लिहिणाऱ्या बाईला सांगितल्यावाचून राहवत नाही. टर्की आणि ॲव्होकाडो, दोघेही मेक्सिकोचे. ॲव्होकाडो हे नाव तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘आवाकात्ल’वरून स्पॅनिशमार्गे आले. टोमॅटोचे नावही त्याच भाषेतले. टर्की पक्षी मात्र जिथे गेला तिथे परका ठरला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवले, तुर्कांनी ‘हिंदी’ म्हटले, फ्रेंचांनीही हिंदुस्थानच्या नावाने हाक मारली, आणि पोर्तुगीज त्याला चक्क ‘पेरू’ म्हणतात. हिंदुस्थानात तो पोचला गोव्यातून. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जी चमत्कारिक जनावरे जहांगीर बादशहापुढे नेली त्यांत हा पक्षी होता. बादशहाच्या चित्रकाराने, मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चारशे वर्षांपूर्वी जो पाहुणा बादशहासाठी गोव्याहून आग्र्याला गेला, तो आज आमच्या जावयाच्या डब्यात बसतो.

आता ॲव्होकाडोच्या खात्याकडे वळू. हे फळ म्हणजे स्निग्धतेचा गोळा. १०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम चरबी आणि १६० कॅलरी. अशा फळाला हृदयाचे मित्र कसे म्हणायचे, हा प्रश्न अमेरिकेलाही कित्येक वर्षे सुटला नव्हता. सप्टेंबर १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि अध्यक्षांचे हृदय हा रोजच्या बातमीचा विषय झाला. १९६१ साली हार्ट असोसिएशनने लोणी, मांस यांतल्या संपृक्त चरबीच्या जागी वनस्पतींची असंपृक्त तेले घ्या, असा सल्ला दिला. सल्ला ‘च्या जागी’ असा होता. बाजाराने तेवढे दोन शब्द गाळले आणि ‘चरबी वाईट’ एवढेच उरवले. मग लोण्याला पर्याय म्हणून मार्गारिन आले; त्यातली ट्रान्स चरबी लोण्याहून घातक निघाली, आणि ती अन्नातून हद्दपार करायला तिथे २०१८ साल उजाडावे लागले. आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा २०२२ च्या जानेवारीत आली. चरबी काढून साखर भरलेली बिस्किटेही ‘लो फॅट’ या नावाने खपली. १९९४ पासून लागू असलेल्या सरकारी व्याख्येप्रमाणे तर ॲव्होकाडो, बदाम आणि सामन मासा यांना ‘हेल्दी’ म्हणायची सोय नव्हती, कारण चरबी जास्त. आणि साखर घातलेल्या काही सीरियलना ती होती. ही व्याख्या बदलण्याचा अंतिम निर्णय झाला तो डिसेंबर २०२४ मध्ये.

ॲव्होकाडोच्या १५ ग्रॅम चरबीत १० ग्रॅमच्या आसपास एकअसंपृक्त असते, म्हणजे ऑलिव्हच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात मुख्यत्वे असते तशी. संपृक्त जेमतेम दोन ग्रॅम. शिवाय सात ग्रॅम तंतू, भरपूर पोटॅशियम आणि सोडियम जवळजवळ नाहीच. जमेची बाजू उत्तम आहे. आता व्यवहार पाहा. मार्च २०२२ मध्ये हार्ट असोसिएशनच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. एक लाखाहून अधिक परिचारिका आणि आरोग्यसेवकांच्या आहाराची नोंद ३० वर्षे ठेवलेली होती. आठवड्याला एक ॲव्होकाडो, म्हणजे अर्धे-अर्धे दोनदा खाणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण न खाणाऱ्यांपेक्षा १६ टक्क्यांनी कमी आढळले. लोणी, मार्गारिन, चीज किंवा प्रक्रिया केलेले मांस यांच्या रोजच्या अर्ध्या वाट्याच्या जागी तेवढेच ॲव्होकाडो आले, तर धोका १६ ते २२ टक्क्यांनी कमी राहील, असे त्यांचे गणित निघाले. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. ॲव्होकाडो खाणारी माणसे चालायलाही जात असतील. पण दिशा दिसते.

त्याच वर्षी जुलैत त्याच नियतकालिकात दुसरा प्रयोग आला. कंबरेचा घेर वाढलेली एक हजार आठ माणसे घेतली. त्यातल्या अर्ध्यांना सहा महिने रोज एक ॲव्होकाडो खायला दिला, बाकीचे खाणे नेहमीचे. पैसा ॲव्होकाडो विकणाऱ्यांच्या मंडळाचा. निष्कर्ष? पोटातली चरबी हलली नाही. वजन वाढले नाही हे खरे, वाईट कोलेस्टेरॉल किंचित उतरले हेही खरे; पण रोज एक फळ खाऊन जे व्हायला हवे होते ते झाले नाही. विक्रेत्यांच्या पैशाने झालेला प्रयोग विक्रेत्यांना न आवडणारे उत्तर देतो आणि ते छापलेही जाते, याबद्दल त्या संशोधकांना दाद द्यावी. माझ्यासारख्या हिशेबनीस बाईला हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की बोध सरळ मिळतो. जुन्या ताटात ॲव्होकाडोची भर घातली तर फार काही हाती लागत नाही. ॲव्होकाडो लोण्याच्या खुर्चीत बसले तर मात्र काही पदरात पडण्याची आशा आहे.

दुकानातले सँडविच पाहिले की हीच गोष्ट उलटी दिसते. तिथे ॲव्होकाडो कोणालाच उठवत नाही. मेयोनीज असते, चीजचा काप असतो, आणि वर दोन डॉलर जास्त देऊन ॲव्होकाडो. फलकावर हिरव्या अक्षरांत आरोग्याचे नाव. जुने कर्ज फेडायचे नाही आणि नवे उचलून घराला रंग द्यायचा, यातलाच हा प्रकार.

पण या सँडविचमधला खरा चोर ॲव्होकाडोच्या आड बसलेला नाही, तो टर्कीच्या आड आहे. टर्कीच्या छातीचे मांस, कातडी काढून घरी भाजलेले, हा फार सज्जन पदार्थ. १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम प्रथिने, दोनेक ग्रॅम चरबी आणि सोडियम साधारण १०० मिलिग्रॅम. हेच मांस कारखान्यात जाऊन, मिठाच्या पाण्यात मुरून, साच्यात दाबून, पातळ काप होऊन पाकिटात आले, की १०० ग्रॅममागे सोडियम ९०० ते १,००० मिलिग्रॅम होते. पक्षी तोच, नाव तेच, पाकिटावर ‘९८ टक्के चरबीरहित’ हे खरे विधानही तेच. मीठ तेवढे नऊ-दहा पटींनी वाढलेले. बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते. पण बारीक अक्षरे वाचण्याची सवय लोकांना नसते, हे मी बँकेच्या खिडकीमागे बसून आयुष्यभर पाहिले आहे.

या बेरजेला बसा. हार्ट असोसिएशन म्हणते, दिवसाला सोडियम २,३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये आणि १,५०० पर्यंत ठेवता आले तर उत्तम. २,३०० म्हणजे साधारण एक छोटा चमचा मीठ. आता बाहेरच्या सँडविचमध्ये ब्रेडच्या दोन कापांचे ३०० ते ४००, टर्कीच्या कापांचे ९००, चीजच्या कापाचे दोन-अडीचशे, मेयोनीज, मोहरीची चटणी आणि खारवलेली काकडी यांचे आणखी काही. एका सँडविचमध्ये १,५०० चा आकडा सहज गाठला जातो. दिवसाचा पगार दुपारी एकलाच संपला. रात्रीच्या आमटीला काय उरले? २०१२ साली याच संस्थेने मिठाचा भरणा करणारी सहा नावे जाहीर केली, त्यांत ब्रेड होता, मांसाचे तयार काप होते, आणि खुद्द सँडविचही होते.

२०१७ साली अमेरिकेतल्या ४५० प्रौढांच्या खाण्याची बारकाईने मोजदाद झाली. त्यांच्या पोटात गेलेल्या सोडियमपैकी जवळजवळ ७१ टक्के घराबाहेर, म्हणजे कारखान्यात किंवा हॉटेलात घातलेले होते. घरी शिजवताना घातलेले साडेपाच टक्के, आणि जेवताना वरून घेतलेले पाच टक्क्यांच्या आत. ही आकडेवारी मी दोनदा वाचली. रक्तदाबाचा माणूस आपल्याकडे काय करतो, तर ताटातले मीठ बाजूला सारतो आणि आपण संयम पाळला असे समजतो. अमेरिकेत तो संयम शंभरातल्या पाच पैशांवर चालला आहे. एकाहत्तर पैसे त्याला न विचारता खर्च झालेले आहेत. ज्या खात्यावर सही दुसऱ्याची चालते, त्या खात्यात काटकसर कशी करायची?

म्हणून ‘घरी’ या शब्दाला मी एवढे महत्त्व देते. त्यात आईच्या मायेचा उमाळा नाही. मिठाच्या डब्यावरची सही परत आपल्याकडे घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ.

कृती अवघड नाही, आणि ती सांगितली पाहिजे, कारण फ्रिजवरच्या कागदाने ती सांगितली नव्हती. टर्कीच्या छातीचा कच्चा, बिनहाडांचा तुकडा घ्यायचा. घेतानाच वेष्टन वाचायचे. कच्च्या मांसातही मिठाचे पाणी टोचलेले असू शकते आणि तसे त्यावर लिहिलेले असते. ते नसलेला निवडायचा. लसूण, मिरपूड, जिरेपूड, चिमूटभर हळद, लिंबाचा रस आणि चमचाभर तेल चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी फॉइलने झाकून ३२५ अंश फॅरनहाइटवर भाजायचा. दोन-अडीच पौंडांच्या तुकड्याला तास-दीड तास लागतो, पण घड्याळावर विसंबू नये. मांसात खुपसायचा थर्मामीटर मिळतो. सर्वांत जाड भागात तो १६५ अंश दाखवू लागला, म्हणजे आपल्या मापाने ७४ सेल्सिअस, की झाले. कातडी काढून टाकायची, निवल्यावर धारदार सुरीने पातळ काप करायचे. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात. त्याहून जास्त असतील तर पुड्या करून फ्रीझरमध्ये.

ब्रेड घेताना रंगाला भुलू नये. तपकिरी रंग कॅरामेलनेही येतो आणि ‘मल्टिग्रेन’ म्हणजे धान्ये अनेक, अख्खी असतीलच असे नाही. घटकांच्या यादीत पहिले नाव संपूर्ण गव्हाचे हवे, आणि दोन-तीन पाकिटांची तुलना करून कमी सोडियमचे उचलावे. एकाच फळीवरच्या ब्रेडमध्ये कापाला १०० पासून २०० मिलिग्रॅमपर्यंत फरक असतो. ॲव्होकाडो अंगठ्याने हलके दाबल्यावर किंचित दबला म्हणजे पिकला. कच्चा असेल तर केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवायचा, दोन दिवसांत वळणावर येतो. मध्यम फळाचा एक तृतीयांश, म्हणजे ५० ग्रॅम गर, एका सँडविचला पुरे. त्यात ८० कॅलरी असतात. काट्याने कुस्करून लिंबू पिळायचे. लिंबाने गर लवकर काळा पडत नाही, आणि मिठाची आठवणही येत नाही. ही लिंबाची किमया कोशिंबिरी करणाऱ्या बायकांना कोणी शिकवायला नको. हा गर ब्रेडला फासायचा, लोण्याच्या आणि मेयोनीजच्या जागी, बरोबरीने नव्हे. त्यावर टर्कीचे ६० ग्रॅम काप, टोमॅटो, कांद्याची चकती, पालकाची कोवळी पाने, मिरपूड. हवी तर हिरवी मिरची बारीक चिरून. मिरचीला सोडियम नसते, आणि ती घातल्यावर आमच्या जावयाला सँडविच आपले वाटू लागले.

सगळ्याची बेरीज सोडियम ४०० च्या आत, कॅलरी साडेतीनशेच्या आसपास. बाहेरच्या सँडविचशी तुलना केली तर एका जेवणात हजार मिलिग्रॅमहून अधिक सोडियम वाचले. कामाच्या पाच दिवसांचे पाच हजार. अशी आवर्ती ठेव कोणती बँक देईल? एक इशारा मात्र हवाच. ज्यांच्या मूत्रपिंडाला दुखणे आहे, किंवा रक्तदाबासाठी शरीरात पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी ॲव्होकाडो रोजच्या खाण्यात घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आणि सँडविचने गोळ्यांची जागा घेता येत नाही, हे स्टेंट बसवलेल्यांना वेगळे सांगायला नको.

यावर एक रास्त आक्षेप आहे. घरी करा म्हणणे सोपे, करणार कोण? दोघे नोकरी करतात, सकाळी सातला गाडी पकडतात. कारखान्याने कापलेली टर्की आळशी माणसांनी जन्माला घातलेली नाही. थकलेल्या माणसांनी तिला घरात घेतले आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. मला मान्य नाही ते त्यावरचे आपले ठरलेले उत्तर. घरात पुरुषाचे हृदय आजारी पडले की आपल्याकडे पथ्य सांगतात त्याला आणि पाळते ती. ती तेल मोजते, ती मीठ कमी करते, ती वेगळी भाजी शिजवते. तो जेवताना ‘अळणी आहे’ एवढे सांगतो. साहेबांच्या पथ्याची वेगळी पोळी पहाटे उठून लाटून, मग आठ-तेरा पकडून बँकेत येणाऱ्या माझ्या कितीतरी मैत्रिणी होत्या. त्यांच्या रक्तदाबाची विचारपूस कोणी केल्याचे मला आठवत नाही.

पहिल्या आठवड्यात डबा मी भरत होते. मुलगी म्हणाली, “आई, त्याला आयतं देऊ नकोस. तू मार्चमध्ये जाशील, मग ते माझ्या अंगावर येईल.” तिचे म्हणणे खरे होते. जावई संकोचला. म्हणाला, “आई, तुमच्या हातची चव माझ्या हाताला कुठून येणार?” मी म्हटले, “चवीचं राहू द्या हो. सवय आली म्हणजे झालं.” पुढच्या रविवारी त्याने टर्की भाजली. थर्मामीटर हातात घेऊन ओव्हनसमोर तो असा उभा होता, जसा काही प्रयोगशाळेत परीक्षक येणार आहेत. पण त्या दिवसापासून त्याचा डबा तो भरतो. सात मिनिटे लागतात. मला वाटते, या सँडविचचा सर्वांत मोठा औषधी गुण हाच आहे, की त्याला फोडणी लागत नाही. कणीक तिंबावी लागत नाही, आच सांभाळावी लागत नाही, सात पिढ्यांच्या सुगरणपणाची भीती नाही. आजपर्यंत चहाही न केलेल्या माणसाला ते करता येते. आणि ज्याने स्वतः मेयोनीज बाजूला ठेवून ॲव्होकाडो फासला, त्यालाच कळते की काय उठले आणि काय बसले. आयत्या डब्यातून ते ज्ञान पोचत नाही.

आता इथला वाचक विचारील, आम्हाला या टर्कीपुराणाचे काय? पुण्या-मुंबईच्या कॅफेत ॲव्होकाडो टोस्ट मिळतो, त्याच्या दरात आठवड्याची भाजी येते. म्हणून मी स्पष्ट सांगते, की ॲव्होकाडो आणायला कोणी धावू नये. नक्कल करायची तर फळाची करू नये, व्यवहाराची करावी. मुंबईच्या रस्त्यावरचे सँडविच काकडी, टोमॅटो, बीट, कांदा यांनी भरलेले असते. त्याचे जे काही वाईट आहे ते दोन्ही कापांना सढळ हाताने लावलेल्या लोण्यात, मैद्याच्या ब्रेडमध्ये आणि वर भुरभुरलेल्या शेवेत. घरी लोण्याच्या जागी शेंगदाण्याचे ओले वाटण किंवा टांगलेल्या दह्यात कालवलेली हिरवी चटणी लावा, आत उकडलेले अंडे, कोंबडीच्या छातीचे काप किंवा मोडाची कोरडी उसळ घाला. मेक्सिकोला न जाता काम भागते.

मिठाच्या बाबतीत तर आपला हिशेब अमेरिकेच्या अगदी उलट आहे. तिथे मीठ कारखान्यातून येते, आपल्याकडे ते अजून बहुतांशी स्वयंपाकघरातच पडते. आमटीत, भाजीत, कणकेत, आणि मग तोंडी लावायला लोणचे, पापड, चटणी, सांडगी मिरची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ घ्या म्हणते, आणि आपल्या ताटाच्या डाव्या बाजूलाच त्यातला मोठा हिस्सा मांडलेला असतो. म्हणजे कारखान्याला दोष देण्याची सोयही आपल्याला नाही. पण याची दुसरी बाजू आशेची आहे. अमेरिकन माणसाला मिठाचा डबा आधी परत मिळवावा लागतो. रविवार खर्चून, टर्की भाजून, बारीक अक्षरे वाचून. आपला डबा अजून आपल्याच फळीवर आहे. तयार पिठे, पाकिटातल्या भाज्या, डब्यातल्या चटण्या आणि दारात दुचाकीवरून येणारी जेवणे वाढत आहेत, त्या वेगाने तो फार वर्षे तिथे राहील असे वाटत नाही. राहील तोवर त्याच्यावर घरातल्या प्रत्येकाची सही हवी, ज्याच्यासाठी पथ्य आहे त्याची तर सर्वांत आधी.